ऑपरेशन कधी टाळावं, हे शोधायलाही सर्जनच लागते

प्रश्न: माझी मुलगी वैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला हाडांची सर्जन व्हायचंय, आणि त्यासोबत खांदा, कोपर, मनगट यांच्या दुखण्यांवर संशोधनही करायचंय. सध्या मनगटाच्या फ्रॅक्चरवरच्या एका अभ्यासात ती पेशंटना फोन करते, मनगट किती वळतं ते मोजते, तक्ते भरते. घरचे म्हणतात, सर्जनचं खरं काम थिएटरमध्ये. कागद भरण्यात वर्षं कशाला घालवायची? आणि एवढ्याशा विषयात शोधण्यासारखं उरलंय तरी काय?

उत्तर: ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, म्हणजे पहिला बराचसा आपोआप सुटेल.

खांद्याच्या वरच्या हाडाखाली जागा कमी पडते, तिथे स्नायूबंध घासतो आणि म्हणून दुखतं, असं धरून त्या हाडाचा थोडा भाग दुर्बिणीतून तासायचं ऑपरेशन अनेक वर्षं सर्रास होत आलं. ब्रिटनमध्ये याची नीट परीक्षा घेतली गेली. काही पेशंटचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, काहींवर काहीच केलं नाही. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: हाड तासलेल्यांत आणि नुसती दुर्बीण घातलेल्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं, पण पेशंटच्या रोजच्या जगण्यात जाणवावं एवढं नाही.

मनगटात अंगठ्याच्या बाजूला काजूएवढं एक हाड असतं, स्कॅफॉइड. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि तिथून ते उलटं मागे जातं. त्यामुळे ते मधोमध मोडलं की मागच्या तुकड्याची उपासमार होते आणि हाड जुळायला वेळ लागतो. मग लगेच स्क्रू घालावा की प्लास्टर करून थांबावं? 439 जणांवरच्या अभ्यासाने 2020 साली दाखवलं की हाड फारसं सरकलेलं नसेल तर वर्षभराने दोन्ही गट सारखेच असतात. म्हणून आधी प्लास्टर, आणि जुळत नाही असं दिसलं की विलंब न लावता ऑपरेशन. टेनिस एल्बोचं, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचंही असंच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे छान वाटतं, पण वर्षभराने इंजेक्शन घेतलेलेच मागे पडलेले दिसतात.

यातले खांद्याचे आणि स्कॅफॉइडचे अभ्यास ज्यांनी केले त्यांत सर्जन पुढे होते. खांद्यात दुर्बीण घालून हाड न तासता बाहेर येणं, आणि तेही पेशंटला आधी सगळं सांगून, त्याची संमती घेऊन, हे ऑपरेशन येणारा माणूसच करू शकतो. तेव्हा सर्जन की संशोधक, अशी निवड तिला करायचीच नाही. आधी हाडांच्या शस्त्रक्रियेचं पूर्ण प्रशिक्षण, मग खांदा किंवा हात यांतलं विशेष शिक्षण. संशोधन या सगळ्याच्या सोबतीने चालेल. त्याला दिलेल्या वेळेचे पैसे कमी मिळतात, हे मात्र घरात आत्ताच बोलून ठेवा.

आता त्या फोनांबद्दल. या क्षेत्रात ‘डॅश’ नावाची तीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. घट्ट झाकणाची बरणी उघडता येते का? किल्ली फिरवता येते का? लिहिता येतं का? एक्स-रेमध्ये हाड सरळ दिसलं आणि पेशंटला बरणी उघडत नसेल, तर ऑपरेशन साधलं असं कसं म्हणायचं? आणि जे फोन उचलत नाहीत, ते बरे झाले म्हणून उचलत नाहीत की वैतागून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले म्हणून? असे बरेच पेशंट निसटले की चांगला आखलेला अभ्यासही लटका पडतो. शंभरेक वर्षांपूर्वी बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते नोंदवायचा हट्ट धरला आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. तुमची मुलगी तेच काम करतेय. मला त्याचं मोल फार वाटतं.

तिला दोन गोष्टी सांगा. संख्याशास्त्र मनापासून शिक. सॉफ्टवेअर चालवता आलं म्हणजे ते आलं असं नाही. आणि मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावावर किती पेपर आहेत हे विचारण्यापेक्षा, वर्षभराने त्यांचे किती पेशंट सापडले ते विचार. नुसतं नाव छापून यावं म्हणून पेपरांच्या मागे लागणारी मुलं मी बघते; ती दोन-तीन वर्षांत कंटाळतात, आणि पेशंटना तर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

नेमका कोणता प्रश्न सोडवायचाय, हे तिला इतक्यात सांगता आलं नाही तरी बिघडत नाही. प्रशिक्षणात शेकडो मनगटं हाताखालून गेली की ते सुचेल. सध्या फक्त हातातला अभ्यास परीक्षेच्या गडबडीत तिला अर्धवट सोडू देऊ नका. शेवटच्या फेरीचे फोनच सगळ्यात आधी राहून जातात.