आजी धीट आहे का?

प्रिय चिऊ,

सलाम.

तुझा प्रश्न फोनवर दोन ओळींत उत्तर देऊन संपवण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र. कॅम्पवर तुम्हांला धीट ख्रिस्ती माणसांच्या गोष्टी सांगितल्या. कुणी सिंहांपुढे उभं राहिलं, कुणी तुरुंगात गेलं, कुणी भर चौकात शुभवर्तमान सांगितलं. मग प्रत्येकाला आपल्या घरातल्या एका धीट माणसाबद्दल बोलायला सांगितलं आणि तुला कुणीच आठवेना. तू लिहिलंस, "आई, आपल्या मराठी माणसांत असं कुणी होतं का? आजी तर कुणाला काहीच सांगत नाही. ती चर्चला जाते आणि आपलं काम करते. तिला धीट म्हणायचं का?"

म्हणायचं. का ते सांगते, पण आजीकडे जरा वळसा घेऊन येते. तिच्याआधीच्या दोन बायका तुला ठाऊक असायला हव्यात.

पहिली तर आपल्या अगदी शेजारची. इंग्लंडातलं हे वाँटेज गाव आपल्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा त्या गावात झाला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी. दुष्काळात आईवडील गेलेले, नवरा गेलेला, कडेवर लहानगी मनोरमा. संस्कृत इतकं पक्कं की कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली होती. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कुणाच्या हवाली केली नाही. वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांच्यावर माया केली होती. तरीही जे पटलं नाही ते रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट लिहिलं. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. परक्या देशात, ज्यांच्या घरी जेवतो त्यांनाच हे सांगायचं आणि तरी नातं तोडायचं नाही, हे मला फार मोठं वाटतं. मांसाहार त्या इथेही करत नसत. इंग्लंडात राहायचं म्हणून किंवा ख्रिस्ती झालो म्हणून ते बदलायला हवं, असं त्यांना वाटलं नाही.

भारतात परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे ते पुण्याला नेलं. तिथे ब्राह्मण विधवा मुली शिकत. कुणावरही धर्म लादणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळलाही. पण स्वतः प्रार्थना करताना खोलीचं दार त्या बंद करत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या आणि पुण्यात गदारोळ उठला. १८९३ साली सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर हे सगळं टळलं असतं. रमाबाईंनी दार लावलं नाही, आणि उंबऱ्यावर उभं राहून कुणाला आत बोलावलंही नाही. चिऊ, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. ओरडून सांगणं आणि लपवणं यांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे. आपली पुष्कळ माणसं आयुष्यभर त्या जागेत राहिली.

पुढचा मोठा दुष्काळ, केडगावचं मुक्ती मिशन, तिथे आणलेल्या शेकडो मुली, हे तू कधीतरी सविस्तर वाच. मला बोलायचं आहे ते त्यांच्या शेवटच्या कामाविषयी. अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं, आणि तेही नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत, हे त्यांनी मनावर घेतलं. त्या भाषा उतारवयाकडे झुकताना शिकल्या. कान तर तरुणपणापासूनच अधू होते. केडगावातच छापखाना घातला, खिळे जुळवायला मुलींना शिकवलं. वर्षामागून वर्षं तेच काम चाललं. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं. रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ छापून निघाला तो १९२४ साली. त्या टेबलाशी सिंह नव्हते की शिपाई. पोटची लेक गेल्यावर दुसऱ्या बायकांच्या लेकींसाठी ओळ न् ओळ तपासत बसणं होतं. कॅम्पवर ऐकलेल्या गोष्टींच्या शेजारी मी ही गोष्ट बिनदिक्कत ठेवीन.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. आपल्या घरी 'स्मृतिचित्रे' आहे, आजोबांनी पुठ्ठा घातलेलं, ते त्यांचंच. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, आणि तरी त्याच्या ताटाशेजारी बसायची सोय नाही. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या नगरला आल्या, पण सोवळं सांभाळून, चूल वेगळी ठेवून. टिळकांनी घाई केली नाही. आणि मग राहुरीला असताना लक्ष्मीबाई एकदा आपल्याशीच विचार करत बसल्या, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं तशी त्यांनी ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी माणसाच्या हातचं पाणी, मग बाप्तिस्म्याचं.

आज तुला यात धीट काय असं वाटेल. पण ब्राह्मण घरातल्या बाईला त्या घोटाची किंमत काय होती ते समजून घे. माहेर, सासर, सणवार, आपलं म्हणून जे होतं ते सगळं. आणि हे घडलं चारचौघांत नाही, आपल्याच घरात.

टिळकांची गाणी तर तू ऐकलेलीच आहेस. नगरला ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये पेटी, तबला आणि टाळ घेऊन मंडळी गात होती, तेव्हा तू मला हळूच विचारलं होतंस की ही देवळातली भजनं आहेत का. ते ख्रिस्ताचे अभंग. तुकोबांच्या वाटेने मी ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं टिळक मानायचे. म्हणून नवं काही स्वीकारताना त्यांनी आपली जुनी चाल सोडली नाही.

आता आपलं घर. ही गोष्ट आजोबा सांगत नाहीत, मला आत्याने सांगितली.

आपण टिळकांसारखे ब्राह्मण नव्हतो. आपली माणसं नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर त्या भागात वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या, त्यात आपलेही. लोक म्हणतात, भाकरीसाठी धर्म बदलला. तुला शाळेत कुणी असं म्हणालं तर चिडू नकोस आणि खाली मानही घालू नकोस. उपाशी माणसाला ज्याने भाकरी दिली त्याच्यामागे माणूस गेला, यात लाज कसली? आणि दुष्काळ तर दोन-तीन वर्षांत सरला. त्यानंतर दीडशे वर्षं ही माणसं का राहिली, हे कुणी विचारत नाही. राहण्याचे तर पैसे पडत होते.

पैसे कसे, ते सांगते. १९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला, त्यात अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही नाहीत. म्हणजे महारवाड्यातल्या दोन सख्ख्या शेजाऱ्यांत एक चर्चला जाणारा असला की त्याची सवलत गेली. गावाने वागणूक मात्र दोघांना सारखीच दिली.

आजोबांना शाळेत घालायला पणजोबा गेले तेव्हा मास्तर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "धर्माच्या रकान्यात हिंदू टाकतो. पोराला पुढे फी माफ होईल, वसतिगृह मिळेल. रविवारी तुम्ही कुठे जाता ते कोण बघायला येतंय?" पणजोबांना लिहिता येत नव्हतं. ते म्हणाले, "मास्तर, ख्रिश्चन लिवा. रविवारी जातो तर कागदावर बी जाऊ द्या." एवढंच. पुढे आजोबांची मॅट्रिकची फी भरायला पणजीच्या कानातलं मोडलं. आजोबांना ते माहीत आहे. म्हणूनच ते ही गोष्ट सांगत नसावेत.

पण नीट ऐक. आपल्याच भावकीत कितीतरी जणांनी कागदावर दुसरं लिहिलं आणि ते रविवारी आपल्याच बाकावर बसतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत. उपाशी लेकराचा बाप काय लिहितो याचा न्याय तू आणि मी इथे बसून करायचा नाही. चूक असेल तर ती कायद्याची आहे, असं मला स्पष्ट वाटतं. पणजोबांनी जे केलं ते त्यांनी स्वतःच्या जिवावर केलं, दुसऱ्याला मोजायची पट्टी म्हणून नाही.

आणि आजी. ती आरोग्य केंद्रात नर्सबाई होती, हे तुला माहीत आहे. तिच्याकडे पाच-सहा गावं होती. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कुणीतरी दारात यायचं, आणि ती चप्पल घालून निघायची. बाळंतपणं कितीतरी घरांत केली. काही घरांत तिचा चहाचा कप वेगळा असायचा, वळचणीला खोचून ठेवलेला. चहा झाला की तिनेच विसळून परत तिथे ठेवायचा. एका घरात तिने तो कप घेतला नाही. भांडली नाही, काम अर्धं सोडून निघालीही नाही. बाळाला पुसून, गुंडाळून आजीच्या, म्हणजे त्या घरातल्या म्हातारीच्या, मांडीवर दिलं आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या नातवाला पहिला हात माझा लागलाय. आता कप कुठला द्यायचा ते तुम्ही बघा." म्हातारी काही बोलली नाही. पुढच्या खेपेला, बाळाला डोस द्यायला गेली तेव्हा, घरातल्याच कपात चहा आला. प्रत्येक घरात असं झालं नाही. काही कप शेवटपर्यंत वळचणीलाच राहिले. तरी त्या घरांतूनही रात्री बोलावणं आलं की ती जायची. मी लहान असताना एकदा रागाने विचारलं, तिथे कशाला जातेस? ती म्हणाली, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही धुतले होते."

म्हणून आजी कुणाला काहीच सांगत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य नाही. तिने मोजकं सांगितलं, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे सांगितलं. घाबरून गप्प बसणं वेगळं. तसं गप्प बसावंसं तुला वाटलं तर ते ओळखायला शीक, कारण वरून दोन्ही सारखीच दिसतात. तुमच्या वर्गात त्या नव्या मुलीच्या डब्याला नाक मुरडतात असं तू सांगत होतीस. तिथे काय करायचं हे मला तुला सांगायची गरज वाटत नाही. चौकात उभं राहून सांगणाऱ्यांनाही कमी लेखू नकोस. टिळकांनी गावोगाव कीर्तनं केली, तीही आपलीच परंपरा. फक्त ज्याच्या त्याच्या वाट्याला जे आलं ते त्याने केलं.

तुझा दुसरा प्रश्न सोपा आहे. शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला जायचं का, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे तिथे कुणी विचारलं तर काय म्हणायचं. जायचं. मुलांचा किल्ला करायला तुला बोलावलंय, तर माती कालवायला वेळेवर जा. कुणी विचारलं तर हो म्हणायचं, आणि पुन्हा मातीत हात घालायचा. फराळाला जे देतील ते आवडीने खा. चकली कुरकुरीत झाली असेल तर काकूंना कृती विचारून घे, कारण नाताळाला चकल्या, करंज्या आणि शंकरपाळ्या आपल्याला करायच्याच आहेत, आणि मागच्या वर्षीच्या चकलीवरून आजी अजून मला बोलते. नाताळात त्या सगळ्यांना आपल्या घरी बोलवू. यादी तू कर.

तुझी,
आई