अर्धवट डेटा घेऊनच जा

अगं,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. सर म्हणतात आधी रिसर्च पेपर सबमिट होऊ दे, लॅबमधला सीनियर म्हणतो आयडिया चोरतील, आणि तुला वाटतंय मेंदूच्या जेमतेम सहा पेशींच्या रेकॉर्डिंगवर एसएफएनला, म्हणजे सोसायटी फॉर न्यूरोसायन्सच्या वार्षिक मीटिंगला, पोस्टर लावलं तर लोक हसतील. कोण हसणारे? तिथे वीस हजारांच्या आसपास माणसं येतात, हसायला वेळ कुणाला आहे. तुझ्यापाशी जे चारपाच जण थांबतील त्यांची वर्षं तुझ्यासारखीच मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या स्लाइस, म्हणजे पातळ चकत्या, कापण्यात गेलेली असणार.

अर्धवट डेटा घेऊन जा.

अगं ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश, मागवतात उन्हाळ्यात आणि मीटिंग असते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मधे प्रयोग चालूच राहणार हे त्यांनी धरलेलंच असतं. पूर्ण झालेलं काम लावलंस की "छान" म्हणून लोक पुढे सरकतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मोठ्या उंदरांच्या स्लाइस टिकतच नव्हत्या, ब्लेड बदलून झालं, ऑक्सिजन बघून झाला, काही उपयोग नाही, शेवटी पोस्टरवर फक्त पिल्लांचा डेटा लावला. एक पोस्टडॉक आला आणि म्हणाला, कापतानाच्या सोल्यूशनमध्ये सोडियम कशाला ठेवता, त्याच्या जागी एनएमडीजी हे रसायन घाला. प्रश्नच संपला! हे रिसर्च पेपरांत छापलेलं होतंच म्हणा, पण आमचं नेमकं कुठे अडलंय ते त्या पेपराला काय माहीत. म्हणून सेशन चार तासांचं असतं आणि नियमाने एकच तास उभं राहावं लागतं, तरी तू चारही तास तिथेच थांब, मोठ्या माणसांची लेक्चरं गेली खड्ड्यात.

पैशाचं म्हणशील तर एसएफएनचा ट्रेनी अवॉर्ड, इब्रो या मेंदू-संशोधनाच्या जागतिक संघटनेची ट्रॅव्हल ग्रँट, आपल्याकडची सरकारी ट्रॅव्हल स्कीम, सगळीकडे आधी विचारतात की तुझं प्रेझेंटेशन आहे का. ॲबस्ट्रॅक्टच दिला नाहीस तर कसली ग्रँट न् कसलं काय. आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं आत्तापासून बघ, तिथे भलेभले अडकतात.

आता चोरीचं. हो, माझ्या एका विद्यार्थ्याच्या आधी दुसऱ्या लॅबचा पेपर आला, त्यावरून डिपार्टमेंटमध्ये मला अजून टोमणे बसतात. पण ती लॅब त्या प्रश्नावर आमच्या आधीपासून होती, पोस्टर बघून चार महिन्यांत तसा पेपर लिहून दाखवा म्हणावं, हे मी किती वेळा सांगितलंय, कुणी ऐकेल तर शपथ. एवढी धास्ती असेल तर बायोआर्काइव्ह या साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचा पेपर, टाक, तारीख लागते.

मी पीएचडीत होते तेव्हा मला एसएफएनला पाठवलं नव्हतं. कंट्रोल, म्हणजे तुलनेचे प्रयोग, पूर्ण कर मग बघू, असं चाललं होतं, कंट्रोल झाले तोवर ग्रँट संपली. मग गेले ती थेट स्वतःची लॅब झाल्यावर, आणि तेव्हा कोणी खडसावून विचारेना गं, सगळे अदबीने मान डोलवायचे. ते वय गेलं ते गेलंच. म्हणून मी आता माझ्या लॅबमधल्या मुलांना अर्धवट डेटा देऊनच पाठवते, कोणाला पटो न पटो. तुझेही कंट्रोल राहिलेत ना? मग पोस्टरवर लिही, कंट्रोल चालू आहेत. लपवू नकोस, सजवू तर अजिबात नकोस.

सरांशी तूच बोलायचंस, मी फोन करणार नाही. शिफारसपत्र कधीपर्यंत हवंय ते कळव, आणि ॲबस्ट्रॅक्टचा ड्राफ्ट रविवारच्या आत पाठव, कसाही असला तरी.

तुझी मॅडम