दुपारची झोप आणि रात्रीचा पहारा

"मामा दुपारी फार झोपतेत, काहीतरी करा मॅडम." हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेल्या ज्येष्ठांच्या घरून ही तक्रार माझ्याकडे सतत येते. बेळगाव असो, निपाणी असो की खानापूरच्या आतली गावं, सूर तोच. कुणाला वाटतं गोळ्यांची गुंगी आहे, कुणाला वाटतं माणूस आळसावला. आणि बहुतेकांच्या मनात एक भीती असते, जी ते शेवटी दाराशी उभं राहून विचारतात: झोपेतच काही झालं तर? म्हणून एका घराची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

वडगावातले सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, सारं आयुष्य विणकामाच्या मागावर गेलेलं. एट्रिअल फिब्रिलेशनचं, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याच्या आजाराचं, निदान आधीच झालेलं. सून घेऊन आली होती. "जेवले की आडवे होतेत ते पाचला उठतेत. उठूनबी मरगळलेलेच. मी मधनंमधनं जाऊन बघून येते, श्वास चाललाय का." मामा खाली मान घालून बसलेले.

अशा वेळी मी आधी तपासण्यांचे कागद मागते. थकव्यावर 'मनाचा आहे' असा शिक्का घाईनं मारणं मला मान्य नाही. या आजारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. एरवी ते खालच्या कप्प्यांत जे रक्त ढकलतात, त्याचा वाटा साधारण 20 ते 30 टक्के असतो, तो हातचा जातो. शरीर दमतं ते खरंच दमतं. त्यात ठोके आवरणारी बीटा ब्लॉकरची गोळी काहींना सुस्त करते. भाताचं भरपेट जेवण झालं की उतारवयात रक्तदाब उतरू शकतो, आणि दुपारची झापड तर धडधाकट माणसालाही येते. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि घोरता घोरता श्वास अडकतो का, हेही पाहावंच लागतं. लय बिघडलेल्यांत श्वास अडकण्याचा त्रास बराच आढळतो, आणि घरात घोरण्याकडे मात्र कुणी आजार म्हणून बघत नाही.

मामांच्या तपासण्या झाल्या होत्या, ठोक्यांचा वेग आटोक्यात होता. तेव्हा मी दुपारचा विषय बाजूला ठेवून विचारलं, "मामा, रात्र कशी जाते?"

ते सुनेकडे बघायला लागले. तिला जरा बाहेर बसायला सांगितलं.

"रात्री उशीवर कान टेकला की ऐकू येतंय," ते म्हणाले. "डाव्या कुशीवर तर जास्तच. चाळीस वर्षं माग चालवलाय मी. आवाज बदलला की डोळं झाकून सांगायचो कुठं बिघडलंय. उठायचं, माग बंद करायचा, धागा जोडायचा. आता हितं आवाज चुकतोय, आणि बंद करायची सोय न्हाई."

"मग काय करता?"

"ऐकत बसतो."

"आणि दुपारी?"

"दुपारी सगळी जागी असतेत की. सूनबाई येऊन बघून जाते. मला कळतंय ते. मग झोप लागते."

एवढं बोलून ते थांबले, मीही थांबले. त्या घरात झोपेवर पहारा चालला होता. दिवसा सुनेचा, रात्री त्यांचा स्वतःचा, एकट्याचा. मी माणसाकडे नेहमी त्याच्या घरासकट बघते. एकाचं लक्षण हे बऱ्याचदा सगळ्या घरानं केलेली न बोललेली व्यवस्था असते. इतक्या वर्षांच्या कामात या नजरेनं मला क्वचितच फसवलंय. मामांना दुपारी उठवत राहिलो असतो तर त्यांची उरलीसुरली झोपही गेली असती.

मग मामी आणि सुनेला एकत्र बसवलं. मामांची तळमळ नको म्हणून मामी नातवंडांच्या खोलीत झोपायला गेल्या होत्या. त्या परत आल्या. डॉक्टरांना तिघांनी मिळून विचारलं: लय चुकली म्हणजे हृदय बंद पडायला आलं का? त्यांनी समजावलं की तसं नाही, वेग ताब्यात आणि औषधं नियमित असली तर माणसं या लयीसह वर्षानुवर्षं जगतात. हे मी सांगून भागलं नसतं, डॉक्टरांच्याच तोंडून यायला हवं होतं. नाडी मोजायची ती सकाळ-संध्याकाळ, ठोके अनियमित असल्यानं पूर्ण 60 सेकंद, आणि वहीत लिहायची. रात्री मोजायची नाही. उजव्या कुशीवर झोपायचं. सुनेनं श्वास बघायला जायचं थांबवलं. तिला हे सगळ्यात जड गेलं.

दुपारची झोप मी बंद करत नाही. तीनच्या आत, 20 ते 30 मिनिटं, गजर लावून. त्याहून लांबली की उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप मागे सरते. दुपारचा भात थोडा कमी, संध्याकाळी झेपेल तेवढं चालणं, सकाळी उठायची वेळ ठरलेली. मामांची रात्र हळूहळू लांबली, दुपार आखडली. थकवा पूर्ण गेला नाही, आणि तसं मी कबूलही केलं नव्हतं.

सुस्ती येते म्हणून गोळी परस्पर बंद करणारे मला वरचेवर भेटतात. तसं करू नका. डोस किंवा वेळ बदलता येते, पण ती डॉक्टरांनी. रक्त पातळ करणारी गोळी तर अजिबात चुकवू नका. या आजारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो आणि ती गोळी त्यासाठीच असते.

थकवा अचानक वाढला, पाय सुजले, सपाट झोपल्यावर दम लागू लागला तर त्याच दिवशी दाखवा. भोवळ येऊन पडणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं तर "झोपू दे थोडं, बरं वाटेल" म्हणू नका. केव्हा सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. आतल्या गावात राहत असाल तर रात्री कुणाची गाडी निघेल, हे आजच शेजाऱ्यांशी बोलून ठेवा.