बूस्टरचा परवाना कुणाकडे आहे?

इंदूरच्या लोकमान्यनगरातले एक निवृत्त शिक्षक विचारतात: आकाशगंगेतल्या हायड्रोजनचे संकेत टिपायला गच्चीवर हॉर्न अँटेना उभारला. समोरच्या होस्टेलवर मोबाइल सिग्नल बूस्टर लागला आणि आठ महिने नुसता गोंगाट येतोय. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अशा निरीक्षणांसाठी जगभर राखीव आहे. कोर्टात जाऊ का?

सर, शेजाऱ्याच्या बूस्टरबद्दल मला बरीच पत्रं येतात. कुणाचा फोन कटतो, कुणाचं नेट अडकतं, आणि प्रत्येक जण स्वतःच्या नुकसानीपासून सुरुवात करतो. तुम्हीही तेच केलंत. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीतली ५.३४० ही तळटीप या पट्ट्यात प्रक्षेपणाला मनाई करते, हे खरं. पण ती नियमावली देशांना बांधते. तिच्यावर दावा उभा केलात, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल, तुमच्या केंद्राची सरकारदरबारी नोंद कुठे आहे? पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीची गोष्ट वेगळी.

तुमचं प्रकरण एकाच प्रश्नावर उभं आहे: त्या बूस्टरला परवानगी आहे का? विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगायला १९३३च्या कायद्यापासूनच मनाई आहे आणि २०२३च्या दूरसंचार कायद्याचंही धोरण तेच आहे. रिपीटर, म्हणजे हाच बूस्टर, बसवायचा अधिकार परवानाधारक मोबाइल कंपनीचा. होस्टेलमालकाने बाजारातून आणून लावायची ती वस्तू नव्हे. परवानगी नसेल, तर १४२०.४ मेगाहर्ट्‌झवर तुमची हायड्रोजनच्या संकेताची रेषा गोंगाटात बुडाली हे सिद्ध करायचं ओझंच तुमच्यावर राहत नाही.

तेव्हा दावा नको, तक्रार करा. दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनला लेखी कळवा: पत्ता, बूस्टरच्या अँटेनाचा फोटो, गोंगाटाच्या वेळा. पोच घ्या. महिनाभर हालचाल दिसली नाही, तर तक्रारीवर काय कारवाई झाली, हे माहिती अधिकारात विचारा. दिवाणी कोर्टात मनाईहुकूम मिळेलही, पण तारखांवर तारखा पडतील. तो रस्ता शेवटचा.

एका गोष्टीचा मात्र मला राग आला. आठ महिने तुम्ही होस्टेलमालकाशी व्हॉट्सॲपवर वाद घातलात आणि मेमरी कार्डावर जागा हवी म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसलीत! आता हातात उरले स्क्रीनशॉट. मूळ फाइल आणि २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र नसेल, तर कोर्टात त्यांचा फारसा उपयोग नाही. आजपासून एकही फाइल पुसू नका.

आणि अर्ज टाकण्याआधी गोंगाट खरंच बूस्टरचाच आहे ना, हे पाहा. जवळच्या टॉवरच्या जोरदार सिग्नलनेही तुमचा ॲम्प्लिफायर गुदमरू शकतो. तसं असेल तर दोष कुणाचाच नाही, चांगला फिल्टर लावावा लागेल. होस्टेलची वीज जाईल तेव्हा तुमचा रिसीव्हर बॅटरीवर चालू ठेवून रेकॉर्डिंग करा. तेवढ्या वेळात गोंगाट थांबला, तर ती फाइल तक्रारीला जोडा. जमल्यास आयआयटी इंदूरच्या खगोलशास्त्र विभागातल्या कुणाला तरी एकदा गच्चीवर बोलावून मोजमाप करून घ्या. त्रयस्थ माणसाच्या सहीचा कागद अधिकारी लवकर वाचतात.