आई-बाबा आणि दोन मुलांना (वय ९ आणि १२) घेऊन आम्ही दोघं सहा दिवस लंडनला जातोय. सगळ्यांना ऑइस्टर कार्ड घ्यावं लागेल, की आपलं बँकेचं कार्ड चालतं?

ऑइस्टर म्हणजे लंडनच्या बस-मेट्रोसाठी आधी पैसे भरून वापरायचं कार्ड. ते सगळ्यांना घेऊ नका. कार्डाचे वेगळे पैसे पडतात आणि ते परत मिळत नाहीत. मी इथे नऊ वर्षं राहतोय आणि दर उन्हाळ्यात पुण्याहून कुणी ना कुणी येतंच, त्यामुळे हा हिशोब बऱ्याचदा करून झालाय.

तुम्हा चार मोठ्यांना टॅप करायचं, म्हणजे यंत्राला नुसतं टेकवायचं, व्हिसा किंवा मास्टरकार्ड पुरतं. भाडं ऑइस्टरइतकंच लागतं. मात्र निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातले व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही सुरू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर हे आधीपासून चालू नसतं आणि मग गेटवर खोळंबा होतो. परकीय चलनाचा आकार किती लागतो, तेही बँकेला विचारा. तो जास्त असेल तर फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड) बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका कार्डावर एकच माणूस, आणि दिवसभर तेच कार्ड. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. ती गाठली की पुढचा प्रवास त्या दिवसापुरता फुकट. पण सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच कार्डाचं फोनमधलं वॉलेट वापरलंत, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी आणि मर्यादा दोन्हीकडे अर्धवट राहते. आई-बाबांकडे स्वतःची कार्डं नसतील तर त्या दोघांना खुशाल ऑइस्टर घ्या.

नऊ वर्षांच्या मुलाला काहीच नको. अकराच्या आतली मुलं बसमध्ये फुकट, ट्यूबमध्येही (इथली भुयारी मेट्रो) तिकीटवाल्या मोठ्या माणसाबरोबर फुकट. रुंद गेटपाशी कर्मचाऱ्याला सांगितलं की सोडतात. बारा वर्षांच्या मुलासाठी मात्र ऑइस्टर घ्याच. ट्यूब स्टेशनवर मुलाला सोबत नेऊन ‘यंग व्हिजिटर’ सवलत मागा, १४ दिवस मोठ्यांच्या निम्मं भाडं लागतं. बँकेच्या कार्डावर ही सवलत मिळत नाही. आई-बाबांना मात्र पूर्ण भाडं. आपल्या एसटीत पंच्याहत्तरीपुढे तिकीट लागत नाही, इथली ज्येष्ठांची सवलत फक्त लंडनच्या रहिवाशांना आहे.

ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टॅप करायचं. गेल्या वर्षी माझ्या बाबांना घेऊन डीएलआरने, म्हणजे पूर्व लंडनमधल्या छोट्या मेट्रोने, ग्रिनिचला गेलो होतो. कटी सार्क स्टेशनला गेटच नाही, नुसतं पिवळ्या गोलाचं यंत्र. बाबा गर्दीबरोबर सरकत्या जिन्याने सरळ वर गेले. प्रवास कुठे संपला हे न कळल्यामुळे सगळ्यात जास्त भाडं कापलं गेलं. ऑनलाइन अर्ज केल्यावर जास्तीचे पैसे परत आले, पण तो सगळा दिवस बाबा हळहळत होते. त्यांना आधीच ते यंत्र दाखवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

आई-बाबा बरोबर असताना मी शक्यतो बसच धरतो. ट्यूबच्या कितीतरी स्टेशनांवर जिने संपता संपत नाहीत. मार्च २०२३ मध्ये बसचं भाडं १.७५ पौंड झालं आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात त्याच कार्डावर दुसऱ्या कितीही बस पकडल्या तरी वेगळे पैसे लागत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना टॅप. रोख २०१४ पासून घेतच नाहीत. टॉवर ऑफ लंडनहून १५ नंबर पकडलीत तर सेंट पॉल्सवरून थेट ट्रफाल्गर स्क्वेअरला याल.

हीथ्रो विमानतळाहून येताना ट्यूबची पिकाडिली लाइन सगळ्यात स्वस्त, एलिझाबेथ लाइन महाग पण लवकर पोचवते. हीथ्रो एक्स्प्रेसचं भाडं दिवसाच्या मर्यादेत धरत नाहीत, ती सोडाच. आणि शहरात फिरायला सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर निघा, ट्यूबचं भाडंही कमी पडतं आणि आईंना बसायला जागाही मिळते.