चोथा की बहुशर्करा?

आरोग्यविषयक मजकुराचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ‘वनस्पतींमधली पॉलिसॅकराइडं आतड्यात अँटिऑक्सिडंटचं काम करतात’, या वाक्यात पॉलिसॅकराइडला, म्हणजे शर्करांच्या लांबलचक साखळीला, ‘चोथा’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. रस काढून घेतल्यावर उरतो तो चोथा. ऊस चघळून आपण थुंकतो तो. पण आळीव भिजत घातले की दाण्यादाण्याभोवती जी पारदर्शक बुळबुळ धरते, तीही पॉलिसॅकराइडच. लाडवातला डिंक त्याच कुळातला. भातातलं पिष्टसुद्धा पॉलिसॅकराइड, आणि ते तर लहान आतड्यात बहुतेक सगळं पचून जातं.

‘बहुशर्करा’ हा शब्द अर्थाला चोख आहे, पण मधुमेही माणूस तो वाचून दचकेल. कोंड्यातल्या बहुशर्करेने रक्तातली साखर वाढत नाही, हे त्याला दरवेळी कोण समजावणार? मी पॉलिसॅकराइडच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘शर्करांची लांबलचक साखळी’ एवढं जोडून देईन.

खरी गफलत मात्र ‘अँटिऑक्सिडंटचं काम करतात’ यात आहे. (अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडीकरणाला आवर घालणारं द्रव्य.) गव्हाचा कोंडा घ्या. त्यात अरॅबिनोझायलन नावाचं पॉलिसॅकराइड असतं. (नावातला ‘अरॅबिनो’ अरबी डिंकावरून आलाय, ‘झायलन’ लाकूड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.) त्याच्या साखळीला जागोजागी फेरुलिक आम्ल चिकटलेलं असतं आणि अँटिऑक्सिडंट गुण मुख्यतः या आम्लाचा. लहान आतड्यात ते फारसं सुटत नाही. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची विकरं (एन्झाइम) ते तोडून मोकळं करतात. म्हणजे पॉलिसॅकराइड इथे हमाल, माल दुसऱ्याचा. गंमत म्हणजे फेरुलिक हे नाव ‘फेरुला’वरून पडलं, आणि फेरुला म्हणजे हिंगाच्या झाडाची प्रजाती. कोंड्याचा मांडा करून खाणाऱ्यांच्या पोटात हे सगळं आपोआप जात होतं!

शिवाय सगळी पॉलिसॅकराइडं एका मापाने मोजता येत नाहीत. पेरूतलं पेक्टिन जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पोसल्या जातात. इसबगोलाच्या भुशीतही अरॅबिनोझायलनच, पण ते जिवाणूंना फारसं आंबवता येत नाही. पाणी धरून मळ मऊ करणं हेच त्याचं मुख्य काम. त्याला सरसकट अँटिऑक्सिडंट म्हणणं मला तरी पटत नाही.

तेव्हा वाक्य असं करा: ‘वनस्पतींमधल्या काही पॉलिसॅकराइडांना चिकटलेली अँटिऑक्सिडंट द्रव्यं मोठ्या आतड्यात जिवाणूंमुळे मोकळी होतात.’ मूळ मजकुराचा रोख इसबगोलावर असेल, तर ‘अँटिऑक्सिडंट’ गाळायचं का, हे आधी लेखकाला विचारा.