सोलर वाढलं तरी बिल का वाढतंय?

प्रश्न: ऊन-वारा फुकट, मग क्लीन एनर्जी वाढूनही लाइट बिल का वाढतंय?

उत्तर: तुमची चिडचिड रास्त आहे, पण सगळा दोष सोलरवर नको, २०१० नंतर सोलर विजेचा खर्च जवळपास ९० टक्क्यांनी उतरलाय. मेख अशी की बऱ्याच देशांच्या वीजबाजारात त्या त्या वेळी मागणी भागवायला लागणाऱ्या सगळ्यात महाग प्लांटचा दर सगळ्याच प्लांटना मिळतो, आणि तो प्लांट बऱ्याचदा गॅसवाला असतो, म्हणून तर २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅस भडकला तशी युरोपात वीजही भडकली, पवनचक्क्या चालू असूनसुद्धा. शिवाय बिलात तारा, सबस्टेशन, टॅक्स असतातच, आता रात्रीसाठी बॅटऱ्याही. हा खर्च खरा आहे, पण तो गरीब घरांच्या युनिटवर लादणं मला चुकीचंच वाटतं.